शिल्लक किती आणि त्यातली खर्चायला मोकळी किती: मंडळीच्या धर्मादाय संस्थेची आर्थिक तपासणी

आमच्या ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) एक धर्मादाय संस्था आहे. गरजू कुटुंबांना अडीअडचणीला मदत करणे, विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला हातभार लावणे आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करणे, ही कामे ती बऱ्याच वर्षांपासून करत आली आहे. काही काळापूर्वी विश्वस्त मंडळापुढे वृद्धसेवेचा विस्तार करण्याचा प्रस्ताव आला. त्यासाठी पगारी सेविका नेमाव्या लागणार होत्या, म्हणजे खर्च एकदा करून मोकळे होता येणार नव्हते. तो दर महिन्याला उभा राहणार होता. प्रस्तावासोबतच्या कागदावर बँकेतील शिल्लक लिहिलेली होती आणि ती पाहून बहुतेकांनी होकार दिला. शिल्लक खरोखरच चांगली होती. चालू खर्च पाहता ती वीस महिने पुरली असती. मात्र एका विश्वस्त बाईंनी विचारले की, हा पैसा कोणी कशासाठी दिलेला आहे आणि तो या कामासाठी वापरण्याची मुभा आपल्याला आहे का. त्याचे उत्तर बैठकीत कोणालाच देता आले नाही. मी हिशेबाच्या कामात आहे आणि विश्वस्त नाही, म्हणून संस्थेची आर्थिक स्थिती तपासून लेखी टिपण देण्याचे काम माझ्याकडे आले.

दरवर्षी लेखापरीक्षण होत असताना पुन्हा तपासणी कशाला, अशी कुजबुज सुरुवातीला झाली. ती गैरसमजातून होती. सरलेल्या वर्षाचा जमाखर्च आणि ताळेबंद वस्तुस्थितीला धरून आहेत की नाहीत, एवढेच लेखापरीक्षक सांगतो. पुढची तीन वर्षे नवा बोजा संस्थेला पेलवेल का, हे ठरवणे त्याचे काम नाही. हिशेब चोख असलेली संस्थाही डबघाईला येऊ शकते, कारण चोख हिशेबात डबघाईसुद्धा चोखच दिसते.

कागद मागवले तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो मंडळी आणि संस्था यांच्यातील सीमेचा. बँकेतील खाती वेगळी होती, विश्वस्त मंडळ वेगळे होते, पण रोजच्या व्यवहारात ही रेषा बरीच पुसट झालेली होती. संस्था मंडळीचे सभागृह विनामूल्य वापरत होती, विजेचे बिल मंडळी भरत होती आणि कार्यालयातील लिपिकाचा पगार दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घेतला होता. उलट दिशेनेही काही व्यवहार झाले होते. पाळकांच्या निवासस्थानाच्या दुरुस्तीचा एक खर्च संस्थेच्या खात्यातून गेलेला दिसला. यात कोणाचाही स्वार्थ नव्हता. ज्याच्या हाती चेकबुक होते त्याने वेळेला गरज भागवली, एवढेच. परंतु वृद्धांच्या देखभालीसाठी दिलेल्या देणगीतून निवासस्थानाची दुरुस्ती झाली, हे देणगीदाराला समजावून सांगणे कोणालाही जड गेले असते. शिवाय सभागृहाचे भाडे आणि विजेचे बिल संस्थेच्या हिशेबात कुठेच नसल्यामुळे तिचा खर्च प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत होता. उद्या मंडळीची स्वतःची ओढाताण झाली आणि तिने भाडे मागितले, तर संस्थेचे अंदाजपत्रक रातोरात बदलणार होते. म्हणून मी टिपणात संस्थेला फुकट मिळणाऱ्या या गोष्टींची अंदाजे किंमत खर्चाच्या बाजूला आणि तेवढीच देणगी म्हणून जमेच्या बाजूला दाखवली. निव्वळ शिल्लक त्याने बदलली नाही, पण संस्था किती टेकूंवर उभी आहे हे दिसू लागले.

खरे काम त्यानंतरचे होते, ते म्हणजे एकूण शिल्लक हेतूनुसार वेगळी करणे. धर्मादाय संस्थेकडचा पैसा एकाच प्रकारचा नसतो. काही देणगी कोणत्याही कामाला वापरता येते. काही ठरावीक कारणासाठीच दिलेली असते. आणि काही कायम निधी म्हणून दिलेली असते, जिची मुद्दल तशीच ठेवून केवळ व्याज खर्चायचे असते. याशिवाय विश्वस्तांनी स्वतःच ठराव करून काही रक्कम एखाद्या कामासाठी बाजूला काढलेली असते. या शेवटच्या प्रकाराबाबत गोंधळ फार होतो. विश्वस्तांनी ठरावाने बाजूला काढलेली रक्कम ते ठरावानेच परत मोकळी करू शकतात. देणगीदाराने घातलेली अट मात्र त्यांच्या ठरावाने सुटत नाही. त्यासाठी देणगीदाराची किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेल्या यंत्रणेची संमती लागते. बँकेच्या पासबुकात या सगळ्यांचा एकच आकडा उमटतो.

आमच्या पावतीपुस्तकात ‘कशासाठी’ असा एक रकाना होता आणि तो अनेक पावत्यांवर कोरा होता. काहींवर ‘मदत’ एवढाच शब्द, काहींवर ‘वरीलप्रमाणे’, आणि वरच्या पावतीवरचा रकाना पाहावा तर तोही कोरा. त्यामुळे देणगीदारांच्या पत्रांची जुनी फाइल काढावी लागली. एका पिवळ्या पडलेल्या, टाचणीचा गंज उमटलेल्या पत्रात एका गृहस्थांनी आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ मोठी रक्कम देताना लिहिले होते की, ती आईवडील नसलेल्या मुलींच्या परिचर्या-शिक्षणासाठीच वापरावी. अट इतकी नेमकी होती की पात्र विद्यार्थिनी क्वचितच मिळाली आणि ती रक्कम मुदत ठेवीत वाढत राहिली. एकूण शिल्लक भरभक्कम दिसण्याचे हे एक मोठे कारण होते. ठेवीची पावती कपाटात सुखरूप होती, तिचे नूतनीकरण वेळच्या वेळी होत होते आणि तरीही त्या पैशाचा कोणालाही उपयोग होत नव्हता.

माजी खजिनदारांची या कामात मला फार मदत झाली. वयाने ज्येष्ठ, स्वभावाने शांत. कोणत्या कुटुंबाने कशासाठी पैसे दिले हे त्यांना तोंडपाठ होते. मी एकेक नोंद वाचायचो आणि ते क्षणभर डोळे मिटून नाव, निमित्त आणि हेतू सांगायचे. पत्रांशी पडताळले तेव्हा त्यांची स्मरणशक्ती जवळजवळ प्रत्येक वेळी खरी ठरली. तरी हीच गोष्ट मला सर्वांत धोक्याची वाटली, कारण संस्थेचे निधीनिहाय खाते एका माणसाच्या डोक्यात होते. मी तसे त्यांना म्हणालोही. त्यावर ते म्हणाले, “सगळा पैसा देवाच्याच कामाचा आहे, मग एवढे कप्पे कशाला करायचे?” मी म्हणालो, “सर, देवाला कप्प्यांची गरज नाही, पण ज्यांनी विश्वासाने दिले त्यांना आपण उत्तर देणे लागतो.” ते हसले आणि त्यांनीच प्रेषित पौलाची आठवण काढली. यरुशलेममधील गरजूंसाठी वर्गणी गोळा करण्याच्या कामी पौलाने आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी निवडलेला बंधूही पाठवला होता, आणि करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याचे कारणही दिले आहे: या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेत कोणी आपल्यावर ठपका ठेवू नये, आणि जे चांगले ते प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही दिसावे. त्या दिवसानंतर कप्प्यांविषयी आमचा वाद राहिला नाही.

प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याच्या द्विनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन १४९४ साली व्हेनिसमध्ये ज्याने प्रसिद्ध केले, तो लुका पाचोली फ्रान्सिस्कन संघाचा साधू होता. हिशेब हे जगाचे लचांड असून धर्मकार्याला त्याचा विटाळ नको, असे मानणाऱ्या आमच्या काही वडीलधाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगितली.

पैसा संस्थेत येतो कसा, हे पाहण्यासाठी मी रविवारी अर्पण मोजले जाते त्या खोलीतही बसलो. संस्थेसाठीची पाकिटे मंडळीच्या अर्पणातूनच वेगळी काढली जातात. टेबलावर पिशवी ओतली की एक जण पाकिटे बाजूला करी, दुसरा नोटा मूल्यानुसार लावी, नाणी शेवटी मोजली जात. एका छापील चिठ्ठीवर नोटांचे मूल्य, संख्या आणि बेरीज लिहिली जाई आणि खाली दोन सह्या असत. पद्धत चांगली होती, पण त्या दोन सह्या बरेचदा एकाच घरातल्या पती-पत्नीच्या होत्या, चिठ्ठीची प्रत कुठेच राहत नव्हती आणि पैसे बँकेत भरणारी व्यक्तीही त्यांपैकीच एक होती. आणखी एक बाब म्हणजे पाकिटावर लिहिलेली रक्कम आणि आतली रक्कम जुळली नाही तर काय करायचे, हे ठरलेले नव्हते; मोजणारे पाकीट फाडून टोपलीत टाकत आणि आतली रक्कम खरी धरत. बँकेतील भरणा आणि रविवारच्या चिठ्ठ्या यांचा ताळमेळ घालायला गेलो तेव्हा अनेक चिठ्ठ्या उपलब्धच नव्हत्या.

अफरातफर झाल्याचे मला कुठेही आढळले नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. परंतु ‘आपलीच माणसे आहेत’ हे नियंत्रण नव्हे. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन अभ्यासकाने अफरातफरीबद्दल तुरुंगात असलेल्या माणसांशी बोलून १९५३ साली जे मांडले, त्यावरून पुढे तीन गोष्टींचे सूत्र रूढ झाले: कोणाला सांगता न येणारी पैशाची निकड, हाताशी असलेली संधी आणि मनाशी केलेले समर्थन. पहिली आणि तिसरी गोष्ट माणसाच्या मनात असते. संस्थेच्या हातात फक्त दुसरी आहे. येशूच्या बारा शिष्यांची थैली ज्याच्याकडे होती तो त्याला धरून देणारा यहूदा होता, हे मंडळीतल्या माणसांना वेगळे सांगायला नको. म्हणून मोजणारे दोघे वेगवेगळ्या कुटुंबांतले असावेत, बँकेत भरणारा तिसरा असावा, चिठ्ठ्यांना अनुक्रमांक असावेत आणि पाकिटे वर्षअखेरीचा ताळमेळ होईपर्यंत जपून ठेवावीत, असे मी सुचवले. प्रामाणिक माणसावर उद्या कोणी बोट ठेवले तर याच कागदांनी त्याचा बचाव होतो, असे सांगितल्यावर मोजणाऱ्यांचा रुसवाही ओसरला.

उत्पन्नाचा कल समजण्यासाठी पाच वर्षांचे जमाखर्च शेजारी-शेजारी मांडले. वरवर पाहता उत्पन्न वाढत होते. त्यातून मृत्युपत्राने आलेली एक मोठी रक्कम बाजूला काढली तेव्हा उरलेली रेषा सपाट झाली, आणि शेवटच्या दोन वर्षांत तर किंचित खाली झुकली. मृत्युपत्राने मिळणारा पैसा स्वागतार्ह असतो, पण तो कधी येईल आणि पुन्हा येईल का, यावर कोणतेही अंदाजपत्रक उभे करता येत नाही. नियमित देणाऱ्यांची यादी नावे झाकून, फक्त रकमेच्या उतरत्या क्रमाने लावली. तेव्हा मोजक्या सात घरांतून निम्म्याहून अधिक देणगी येत असल्याचे दिसले, आणि लिपिकाने दबक्या आवाजात सांगितले की त्यांतील बहुतेक घरांतली माणसे सत्तरी ओलांडलेली आहेत. हा आकडा ताळेबंदात कुठेच उमटत नाही. एखादे घर दुसऱ्या गावी मुलाकडे राहायला गेले, तर संस्थेच्या एका सेविकेचा पगार जाणार, इतके ते सरळ होते.

नाताळ आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या (ईस्टरच्या) आसपास देणगी उसळते आणि मधल्या महिन्यांत ओसरते, हेही महिनावार तक्त्यात दिसले. वर्षाची बेरीज जुळत असली तरी मधल्या दोन-तीन महिन्यांत मोकळ्या पैशातून पगार भागत नव्हते. अशा वेळी ठरावीक हेतूच्या निधीतून पैसे वापरले जात आणि सण आला की ते परत भरले जात. परत भरले जात होते म्हणून कोणाला काही वाटले नव्हते. परंतु एका निधीतून दुसऱ्यासाठी घेतलेली उसनवारी विश्वस्तांना न सांगता होत असेल, तर ती परत करता येणार नाही असा महिना उजाडेपर्यंत कोणाच्याच लक्षात येत नाही. संपूर्ण तपासणीत मी सर्वांत जाड अक्षरात लिहिलेला मुद्दा हाच होता.

खर्चाबाबत फार लिहिण्यासारखे नाही. संस्था काटकसरीने चालते. किंबहुना जरा जास्तच काटकसरीने. प्रशासनावर शंभरातले अमुक इतकेच खर्च होतात, असे अभिमानाने सांगण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, पण प्रशासनखर्च कमी दाखवण्याच्या नादात पावत्यांचे रकाने कोरे राहतात आणि निधीनिहाय खाते कोणी लिहीत नाही, हे मी नुकतेच पाहिले होते. न दिसणारा खर्च मात्र होता: दीर्घकाळ काम करणाऱ्या दोन सेविकांना निवृत्तीच्या वेळी द्यावी लागणारी रक्कम. तिची कसलीही तरतूद केलेली नव्हती, कारण हिशेब रोखीच्या पद्धतीने ठेवला जात होता आणि त्या पद्धतीत पैसा हातातून जाईपर्यंत देणे दिसतच नाही.

आता शिल्लकेकडे. एकूण शिल्लक १०० धरली तर संस्थेचा वर्षाचा खर्च ६० होता, म्हणजे महिन्याला ५. वीस महिन्यांचा आकडा इथून आला होता. त्यातील ३४ कायम निधीचे, ज्यांना हात लावता येत नाही. ३८ ठरावीक हेतूंचे. उरले २८. त्यांतून सेविकांचे निवृत्तीचे देणे ५ आणि न भरलेली बिले ३ वजा केली की खऱ्या अर्थाने मोकळे २० राहिले. महिन्याला ५ या दराने ते चार महिने पुरतात. इथे मला एक न्याय्य आक्षेप आला. महिन्याच्या ५ पैकी २ इतका खर्च ठरावीक हेतूच्या निधीतून रीतसर करता येतो, मग मोकळ्या पैशावर भार फक्त ३ चा, म्हणजे साडेसहा महिन्यांहून थोडे जास्त धरायला हवेत, असे एका विश्वस्तांचे म्हणणे होते. ते बरोबर होते आणि मी टिपणात दोन्ही आकडे ठेवले. मात्र त्या २ पैकी बराचसा भाग एका अनुदानातून येत होता आणि ते अनुदान वर्षाच्या आत संपणार होते. म्हणून खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आणि दर महिन्याला चाराकडे सरकणारा आहे, असे मी लिहिले.

कायम निधीबद्दलही एक परिच्छेद जोडला. मुद्दल जशीच्या तशी आहे म्हणून सारे सुखी होते. महागाई वर्षाला ६ टक्के असेल, तर ७२ ला ६ ने भागून येणाऱ्या ठोकताळ्याप्रमाणे बारा वर्षांत त्याच मुद्दलाची खरेदीशक्ती निम्म्यावर येते. सगळे व्याज दरवर्षी खर्चून टाकले, तर देणगीदाराने ज्या मुलाचे पूर्ण शिक्षण व्हावे म्हणून पैसे ठेवले, त्याचे काही काळाने अर्धेच शिक्षण होईल. निधीच्या अटी परवानगी देत असतील तिथे व्याजाचा काही भाग मुद्दलात परत टाकावा, ही सूचना फारशी लोकप्रिय झाली नाही, कारण व्याज आजच्या गरजेला लागत होते.

टिपण मांडले त्या बैठकीत पाळकसाहेबही होते. चर्चेच्या ओघात कोणीतरी म्हणाले की आपण विश्वासाने चालणारी माणसे आहोत, देव पुरवील; चार महिने आणि सहा महिने मोजत बसणे हे अविश्वासाचे लक्षण आहे. मी काही बोलण्याआधी पाळकसाहेब म्हणाले, “बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज करतो, हा दाखला प्रभूनेच दिला आहे.” त्या वाक्याने माझ्या साऱ्या तक्त्यांपेक्षा अधिक काम केले. माझे स्वतःचे मत असे की, विश्वासाची भाषा स्वतःच्या त्यागाबद्दल बोलताना शोभते. महिनाअखेरीला पगाराची वाट पाहणाऱ्या सेविकेच्या वतीने दुसऱ्या कोणी ती बोलू नये.

विस्ताराचा प्रस्ताव फेटाळला गेला नाही, पुढे ढकलला गेला. दर तिमाहीला निधीनिहाय पत्रक विश्वस्तांपुढे ठेवणे, निधींमधील उसनवारी ठरावाशिवाय न करणे आणि निवृत्तीच्या देण्यासाठी दरमहा रक्कम बाजूला काढणे, हे एकमताने मंजूर झाले. त्या परिचर्या-शिक्षणाच्या निधीबाबत देणगीदारांच्या मुलाशी पत्रव्यवहार सुरू झाला. वडिलांचा हेतू आईवडील नसलेल्या मुलींना शिकवण्याचा होता, तो जपून अभ्यासक्रमाची अट सैल करायला आपली हरकत नाही, असे त्यांनी कळवले. पुढील कायदेशीर परवानगीसाठी अर्ज तयार झाला आहे.

किमान किती महिन्यांचा राखीव निधी असावा, यावर मात्र अजून एकमत नाही. काहींना तीन महिने पुरेसे वाटतात, कारण वर्षानुवर्षे पैसा साठवून ठेवणाऱ्या संस्थेला लोक देणगी का देतील, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. देणगी मोजक्या घरांवर अवलंबून आहे तोवर सहा महिन्यांपेक्षा कमी नको, असे मी म्हणतो. तूर्त किमान चार आणि कमाल आठ अशी मर्यादा लेखी धोरणात घातली आहे. चाराच्या खाली गेल्यास नवे काम घ्यायचे नाही, आठाच्या वर गेल्यास जादा रक्कम कोणत्या कामावर खर्चायची हे त्याच तिमाहीत ठरवायचे. वृद्धसेवेसाठी नव्या सेविका नेमण्याचा विषय, नियमित देणगीचे वचन देणारी आणखी घरे मिळाली आणि सलग दोन तिमाहींत मोकळा निधी सहा महिन्यांच्या वर राहिला, की पुन्हा विषयपत्रिकेवर येईल. पहिल्या तिमाहीचे पत्रक लिपिकाने तयार केले आहे आणि पावत्यांवरचा ‘कशासाठी’ हा रकाना भरल्याशिवाय आता पावती फाडली जात नाही.